दुसरं पासबुक

१२ जानेवारी

टिटवे,

तुझं पत्र पोचलं, आत तिकीटही होतं. फेब्रुवारीच्या वीस तारखेचं, खिडकीजवळची जागा. एवढा खर्च कशाला केलास, असं लिहिणार होते. पण ते वाक्य मी जन्मभर सगळ्यांना ऐकवत आले आहे, एकदा तरी गिळून बघते.

बाबांच्या मातीला तू आली नाहीस त्याबद्दल मी काही म्हणत नाही. मंडळीतल्या बायका म्हणतात, मी ऐकून घेते. पाळकसाहेबांनी विचारलं, मुलगी? मी म्हटलं, लांब असते. ते खरंच आहे.

विचारलंस म्हणून सांगते, मी बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते, कामावर जाते. चौथ्या दिवशी हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत जाऊन मशीनवर बसले, तर मुख्य बाई म्हणाल्या, अहो, पंधरा दिवस रजा मिळते. मी म्हटलं, घरी बसून काय करू, भिंती मोजू? चादरी काय फाटायच्या थांबल्यात? त्या दिवशी सव्वीस चादरींना ठिगळं लावली, एकही वाकडं गेलं नाही.

रडू मात्र येत नाही. बायका येतात, माझा हात हातात घेतात, तोंडाकडे बघत बसतात, आणि थोड्या वेळाने त्यांचाच हिरमोड होतो. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात ना, मग गाल असतो पण आपला वाटत नाही, तसं सगळं झालंय. चहा गरम आहे की गार हेसुद्धा पेला अर्धा संपल्यावर कळतं.

घर आवरायला वेळ लागायचा नाही. आपलं घर तुला ठाऊकच आहे. बाबांचे दोन शर्ट, एक कोट, वजनकाटे दुरुस्तीची पेटी, आणि चार ताटं, तीन आपली आणि एक येईल त्याचं. आपल्याकडे चोर आला तर कीव येऊन काहीतरी ठेवून जाईल, असं तू म्हणायचीस. बाबा त्यावर पोट धरून हसायचे. तुला ते आवडायचं नाही, कारण तू ते हसण्यासाठी म्हटलेलं नसायचं.

काट्यांच्या दुकानाच्या मालकाला ही मागची खोली फेब्रुवारीअखेर रिकामी हवी आहे. वाईट माणूस नाही. कामगाराची खोली होती, कामगार गेला, खोली गेली. तेव्हा तू बोलावलंस ते वेळेवरच झालं.

तू लिहिलं आहेस, 'त्यांच्या दानधर्मापायी तुझ्या अंगाला कधी धड नवा कपडा लागला नाही आणि माझं शिक्षण गेलं. यात तुझा काही दोष नव्हता. आता तरी माझ्याकडे ये आणि चार दिवस सुखाने राहा.'

वाचलं. त्यावर आज काही लिहीत नाही. वीस तारखेला येते.

तुझी,
आई


२३ जानेवारी

टिटवे,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय, कारण एक गोष्ट घडली आणि ती तुझ्याही मालकीची आहे.

बाबा गेल्यापासून माणसं येतायत. मी ओळखत नाही अशी. एकाला त्यांनी चष्मा करून दिला होता, एका म्हातारीचं दोन वर्षं भाडं भरत होते. मला यातलं अक्षर माहीत नव्हतं. आमचा नियमच तो होता, लग्नाच्या आठवड्यात ठरवलेला. पोटापुरतं ठेवायचं, उरेल ते द्यायचं. दोघांची दोन पासबुकं. ज्याने त्याने आपल्या पुस्तकातून द्यायचं, दुसऱ्याने विचारायचं नाही, पुस्तक उघडून बघायचं नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात, तर आम्ही एकमेकांचे डावे हात. तेव्हा आम्ही बाविशीचे होतो आणि हे आम्हाला फार सुंदर वाटलं होतं.

रविवारी उपासनेनंतर एक किराणा दुकानदार आला. साठीचा, टोपी हातात. बसा म्हटलं तर बसेना. म्हणाला, "बाई, अकरा वर्षं सांगायचं होतं. त्यांनी शपथ घातली होती, ते असेपर्यंत नाही म्हणून."

त्याचा स्प्रिंगचा काटा बाबांनी दुरुस्त केला होता. तुझ्या पशुवैद्यक कॉलेजच्या प्रवेशाचा निकाल लागला ना, त्याच दिवशी दुपारी. तुला आठवत असेल, बाबा गल्लीभर सांगत फिरत होते, पोरगी जनावरांची डॉक्टर होणार. त्या आनंदात त्यांनी काट्याची स्प्रिंग बदलली आणि प्रमाणित वजनं ठेवून तपासायचं राहूनच गेलं. तसंच शिशाचं सील ठोकलं. तीस वर्षांत एकदा. तो काटा किलोला पन्नास ग्रॅम जास्त दाखवायचा. महिन्याभरात वजनमापे खात्याचा निरीक्षक आला, दुकानाला टाळं लागलं, दंड झाला, आणि गल्लीत त्या माणसाला चोर म्हणायला लागले. त्याची बायको माहेरी निघून गेली.

बाबा खात्यात गेले, चूक माझी म्हणून लिहून दिलं, आणि दंड भरला. आपल्या पासबुकातून, सगळा.

म्हणजे टिटवे, ते दान नव्हतंच. चूक केली होती, ती भरून दिली. तुझ्या फीच्या पैशांतून दिली हे खरं, पण परक्याला पुण्य म्हणून वाटले नाहीत. दुकानदार म्हणाला, "मी त्यांना म्हटलं, अहो, मुलीचं शिक्षण आहे. तर म्हणाले, पहिल्या हप्त्यापुरते तिच्या आईकडे आहेत."

इथपर्यंत लिहून मी उठले होते. भांडी घासली. परत बसले.

ती संध्याकाळ तुला माझ्यापेक्षा चांगली आठवत असेल. फी भरायला सहा दिवस उरले होते. तू टेबलाशी फॉर्म घेऊन बसली होतीस. फीचे दोन हप्ते होते. माझी बचत एका हप्त्याची, बाबांची एका हप्त्याची. तू म्हणालीस, पुस्तकं आणा. दोन्ही पुस्तकं टेबलावर आली आणि दोन्ही रिकामी. बाबांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मग तुला म्हणाले, "दोन्हीतले मीच काढले. एका गरजवंताला दिले." तू त्यांना जे बोललीस ते बोललीस. मी गॅसकडे तोंड करून उभी होते.

दुसरं पासबुक माझं होतं. त्यातले पैसे मी काढले होते. माझे मी दिले, बाबांना न विचारता. पहिला हप्ता त्यांच्या पैशांतून भागेल आणि दुसऱ्याचं सहा महिन्यांनी बघू, असा माझा हिशोब. त्यांचाही नेमका तोच. एकमेकांच्या जिवावर उदार झालो दोघं.

तू आठवड्याने घर सोडलंस. मी बाबांना विचारलं, असं का म्हणालात? ते म्हणाले, "दोघांवर रागावली तर जाईल कुणाकडे? एक तरी राहू दे तिला."

मग मीच राहिले. अकरा वर्षं तुझी पत्रं मला यायची, पाकिटावर फक्त माझं नाव. बाबा पाकीट माझ्या हातात द्यायचे आणि हत्यारं पुसत बसायचे. मी वाचून दाखवू का विचारायचे, ते म्हणायचे, तुझं आहे, तू वाच.

आई


५ फेब्रुवारी

टिटवे,

तुझं पत्र आलं. दोनच ओळी. 'कुणाला दिलेस? आणि सहा दिवस होते हातात, परत का नाही मागितलेस?'

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात इस्त्री करायला होती ती, डाव्या हातावर भाजल्याचा डाग असलेली. तू तिला इस्त्रीमावशी म्हणायचीस, ती तुझ्या शाळेच्या गणवेशाला फुकट इस्त्री करून द्यायची. नवऱ्याने तिला दोन पोरांसकट बाहेर काढलं होतं. तीन रात्री ती धुलाईखान्यात कपड्यांच्या गाठोड्यांमागे पोरांना घेऊन झोपली, आणि हे फक्त मला माहीत होतं. खोलीला अनामत रक्कम हवी होती. मी दिली.

दुसऱ्याचं उत्तर. परत मागणार कसे? पैसे खर्च झाले होते. तिने घरमालकाला भरून टाकले होते.

तू दवाखान्यात टेबलावर जनावरं धरतेस आणि सुई दुसराच कुणीतरी देतो, असं मागे एकदा लिहिलं होतंस. ते मी विसरलेले नाही.

थंडी कमी झाली आहे. वीस तारखेला यायचं की नाही ते कळव.

आई


६ फेब्रुवारी

टिटवे,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी आले. आज सकाळी पेटी उघडणाऱ्या पोस्टमनजवळ जाऊन उभी राहिले, म्हटलं माझं एक पत्र परत द्या. तो म्हणाला, आजी, एकदा आत पडलं की आमचं. तेव्हा हे दुसरं. ते आधी पोचेल, हे मागून पोचेल. दोन्ही वाच.

काल मी खोटं लिहिलं. पैसे खर्च झाले नव्हते.

त्या संध्याकाळनंतर चौथ्या दिवशी इस्त्रीबाई कपड्यांच्या खोलीत आली. तुझं कॉलेज हुकतंय हे तिच्या कानावर गेलं होतं. उशीच्या अभ्र्यात गुंडाळून पैसे आणले होते, जसे दिले तसे. म्हणाली, "बाई, मला माहीत असतं तर घेतले नसते. घरमालक दोन दिवस थांबलाय, नाही म्हणून सांगते त्याला. मी बघते माझं. पोरीचं होऊ दे आधी." आणि तिने ते माझ्या मशीनच्या पाटावर ठेवले.

फी भरायला दोन दिवस होते.

मी म्हटलं, "दिलेलं मी परत घेत नसते."

ती म्हणाली, "बाई, हट्ट करू नका." मी अभ्रा उचलून तिच्या हातात कोंबला आणि मशीन चालू केलं. मुख्य बाई बघत होत्या. आणखी दोघी बघत होत्या.

तिची पोरं रस्त्यावर आली असती, हे खरं आहे. पण मी तो विचार करून नाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर आज ते तुझ्यापुढे मांडलं असतं, आणि तूही कदाचित ऐकून घेतलं असतंस. पोरांचा विचार मला घरी जाताना सुचला, पांघरूण घालायला. त्या क्षणी मी फक्त माझ्या नाकाचा विचार केला. तीन बायका बघतायत, आणि मी अशी बाई आहे जी दिलेलं परत घेत नाही. त्या दिवशी मला माझा अभिमान वाटला. लिहायला लाज वाटते, पण वाटला. रविवारी उपासनेत बसले होते तर वाटलं, देव आज माझ्याकडेच बघतोय.

गुप्तदान म्हणे. घरात गुप्त, आणि तिथे तीन बायकांसमोर.

अर्धे घे, अर्धे ठेव, असंही म्हणता आलं असतं. दोघी मिळून घरमालकाकडे गेलो असतो, कॉलेजात मुदत मागितली असती, मंडळीपुढे उभी राहून म्हटलं असतं की माझ्या मुलीसाठी मदत करा. पाळकसाहेबांनी त्याच रविवारी वर्गणी काढली असती. मला आजही खात्री आहे. पण मग आम्ही घेणारे झालो असतो. आमच्या घराने कधी कुणाचं घेतलं नव्हतं. बाबांना मागायची लाज नव्हती, खरं सांगते. ते म्हणाले होते, पाळकसाहेबांशी बोलू का? मीच म्हटलं, आपल्या घराचा तमाशा नको.

इस्त्रीबाई पैसे घेऊन आली होती हे मी बाबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. माझ्या वाट्याचा तुझा राग अंगावर घेऊन ते गेले, आणि किती घेतला हे त्यांना कळलंही नाही. शेवटच्या आठवड्यात एकदा म्हणाले, "एका चुकलेल्या काट्यापायी पोरगी गेली." कुठला काटा ते मला तेव्हा कळलं नाही, मी त्यांचं पांघरूण सारखं केलं. बोलायला वेळ होता. अख्खी दुपार होती. मी नाही बोलले.

हे सगळं लिहितानाही ते सुई दिलेल्या गालासारखंच. दुखायला हवं होतं असं वाटतं, एवढंच.

आई


२२ फेब्रुवारी

टिटवे,

तुझं उत्तर नाही. मी रोज पेटी बघत नाही, एक दिवसाआड बघते.

वीस तारखेची गाडी मी घेतली नाही. ते तिकीट तू दुसऱ्या बाईला पाठवलं होतंस, जिचा काही दोष नव्हता तिला. आदल्या दिवशी स्टेशनवर जाऊन रद्द केलं. कापून जे परत मिळालं ते वेगळ्या मनिऑर्डरने पाठवलं आहे. पोस्टाच्या रांगेत माझ्यापुढे एकाला थोडे पैसे कमी पडत होते. आधीची मी असते तर हात केव्हाच पुढे गेला असता. या वेळी म्हटलं, बाई, हे तुझे नाहीत. आणि पाकीट घट्ट धरून ठेवलं. त्याला मागच्या माणसाने दिले. माझ्यावाचून जगाचं काही अडत नाही.

खोली सहा दिवसांत सोडायची आहे. मालकाने येऊन पाणी मुरलेली भिंत बघितली, रंग कुठला द्यायचा ते रंगाऱ्याशी बोलला. मी तिथेच भाजी चिरत होते. माझ्याशीही दोन शब्द बोलला.

काल इस्त्रीबाई आली होती. आता तिला इस्त्रीबाई म्हणायचं ते सवयीने. तिचा स्वतःचा धुलाईखाना आहे, चार मशीनं, हॉटेलांचे कपडे येतात. थोरला हिशोब बघतो, धाकटा गाडी चालवतो. ती येऊन पलंगावर बसली आणि म्हणाली, "सामान बांधा. माझ्याकडे वरची खोली आहे, सकाळचं ऊन येतं, जिना सोपा आहे. माझी पोरं तुम्हाला डोक्यावर घेऊन नाचतील." खोटं नाही बोलली. तिची पोरं मला रस्त्यात वाकून नमस्कार करतात.

मी विचार करते म्हटलं. ती चिडली. म्हणाली, "अकरा वर्षांपूर्वी पण हेच. तुमच्याकडून घ्यायचं आम्ही, आणि तुम्हाला द्यायला गेलं की तुमचं तोंड शिवलेलं. बाई, तुम्हाला काय वाटतं, घेणाऱ्याला मन नसतं?"

मग तिला तुझ्याबद्दल सांगितलं, तुला लिहिलेलं सगळं सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग पोरीला विचारा ना. मी काय, आहेच." जाताना उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, "तिला सांगा, मी पैसे तिथेच टाकून पळून जायला हवं होतं. मलाही ते खुपतं." तिचा निरोप म्हणून लिहिलं.

आता माझं.

मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही. हे मी आजवर मोठेपणा म्हणून सांगायचे. बाबा देताना हसायचे आणि घेतानाही हसायचे. कुणी जुना कोट दिला तर घालून आरशापुढे उभे राहायचे. मी देताना ताठ आणि घेताना मेले. तेव्हा आमच्या दोघांत साधं राहणारं माणूस एकच होतं. मी नुसती काटकसरी होते.

इस्त्रीबाईकडे मी सुखात राहीन. ऊन असेल, पोरं विचारपूस करतील, येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगेल, हिच्यामुळे आम्ही उभे राहिलो. मरेपर्यंत मी त्या घरात देणारीच राहीन. ते मला नको आहे. सवय आहे, म्हणूनच नको.

तुझ्या घरात मी काय आहे ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. त्यावर पांघरूण घालायला आता कुणी उरलेलं नाही. माफ कर असं लिहीत नाही, तेही मागून घेतल्यासारखं होईल आणि तेवढं मागायचा मला हक्क नाही. तू बोलली नाहीस तरी चालेल. तुझ्यासाठी गेलेली वर्षं मला भरून देता येत नाहीत. बाबांनी दंड भरला तशी सोय माझ्या चुकीला नाही.

पण मला तुझ्याकडे यायचं आहे. बाकी काही जाणवत नाही, एवढं जाणवतं. सकाळी उठल्यावर पहिलं तेच येतं, मग बाबा गेल्याचं येतं. मला तुझ्याजवळ राहायचं आहे, टिटवे. मागच्या खोलीत, कोपऱ्यात, कुठेही. मी मागतेय. असं मागतात का ते मला ठाऊक नाही, पहिलीच वेळ आहे.

ये म्हणालीस तर येते. नाही म्हणालीस तर तसं लिही. दोन अक्षरं पुरेत.

तुझी आई